गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रारंभिक अवस्थेतील उपचार आणि भवितव्य

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखादी संस्था पन्नास वर्षे अखंड कार्यरत राहते, तेव्हा तिच्यामागे अनेक ज्ञात-अज्ञात हातांचे श्रम असतात. अशा संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात मला बोलावण्यात आले, याबद्दल मी संयोजकांची मनःपूर्वक ऋणी आहे. संयोजकांनी मला ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा व्यापक विषय सुचविला होता. मी त्यांना विनंती केली की, एका तासात दहा रोगांची नावे सांगण्यापेक्षा एकाच रोगाविषयी नीट बोलू द्यावे. दुसरी विनंती अशी होती की, हे व्याख्यान केवळ महिलांसाठी ठेवू नये. आपल्या घरांत आजार बाईचा असला, तरी दवाखान्यात कधी जायचे, कोणत्या गावी जायचे आणि किती खर्च करायचा, हे निर्णय बहुधा पुरुष मंडळी घेतात. ज्यांनी निर्णय घ्यायचा, त्यांनी ऐकलेही पाहिजे. दोन्ही विनंत्या मान्य झाल्या, याचा मला आनंद आहे.

विषय आहे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. बोलीभाषेत आपण त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतो. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचे प्रमाण आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे आकडे भयावह आहेतच. परंतु त्याहून अधिक क्लेशदायक बाब अशी की, हा रोग लवकर सापडल्यास बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. तो सावकाश वाढतो, पूर्वसूचना देतो, साध्या तपासणीत दिसतो. तरीही आपल्याकडील अनेक भगिनी रुग्णालयात पोहोचतात, तेव्हा तो पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. या उशिराला वैद्यकीय कारणे थोडी आणि सामाजिक कारणे अधिक आहेत.

रोगाचे मूळ

गर्भाशयाचा खालचा, निमुळता भाग योनिमार्गात उघडतो. त्या भागाला गर्भाशयमुख किंवा गर्भाशयग्रीवा म्हणतात. तेथे दोन प्रकारच्या पेशींची सीमारेषा असते आणि याच सीमेवर बहुतेक वेळा रोगाची सुरुवात होते. त्याचे कारण एक विषाणू आहे. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ व १९८४ मध्ये या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या पेशींतून वेगळे करून दाखविले. या कार्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील या रोगाच्या सुमारे ७० टक्के घटनांमागे हेच दोन प्रकार आहेत.

हा विषाणू पती-पत्नीच्या संबंधांतून पसरतो, असे सांगताच सभागृहात शांतता पसरते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच येथे थोडे थांबून बोलते. एचपीव्ही इतका सर्वसामान्य आहे की, वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, कळतही नाही. थोड्या स्त्रियांच्या बाबतीत तो टिकून राहतो, पेशींत हळूहळू बदल घडवितो आणि साधारणपणे पंधरा ते वीस वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतो. त्यामुळे या रोगावरून कोणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पन्नाशीतील एखाद्या भगिनीचे निदान झाल्यावर घरात कुजबूज सुरू होत असेल, तर ती शास्त्राच्या दृष्टीने निराधार आणि माणुसकीच्या दृष्टीने क्रूर आहे.

दुसरा एक समज आपल्या समाजात विशेष आढळतो. “आमच्या घरात तंबाखू नाही, मद्य नाही, आहार शुद्ध शाकाहारी, मग हा रोग आमच्याकडे कसा येईल?” निर्व्यसनीपणाचा लाभ निश्चित आहे. तंबाखूमुळे याही कर्करोगाचा धोका वाढतो. परंतु मूळ कारण विषाणू असल्याने आहार सात्त्विक आहे म्हणून तपासणीची गरज नाही, असे म्हणता येणार नाही. शुद्ध आचरणाचा अभिमान जरूर बाळगावा, मात्र तो तपासणीच्या आड येऊ देऊ नये.

सूचना देणारी लक्षणे

रोगाच्या अगदी आरंभी कोणतेही लक्षण नसते. वेदना तर मुळीच नसते आणि येथेच फसगत होते. “दुखत नाही, म्हणजे काही विशेष नाही,” असे आपण मानतो. पुढे दिसणारी लक्षणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे. पती-पत्नी संबंधांनंतर रक्त जाणे. अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे. यांपैकी प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. बहुतेकदा कारण साधे असते. पण ते साधे आहे, हे तपासणीनेच ठरते.

पाळी बंद होऊन पाच वर्षे झालेल्या आजींना पुन्हा रक्त दिसते. त्या सुनेला सांगत नाहीत, मुलाला सांगणे तर अशक्यच. घरात लग्नकार्य असते, नंतर सण येतो, मग नातवाची परीक्षा असते. बघता बघता आठ महिने जातात. हे आठ महिने कोणते यंत्र आणि कोणते औषध परत देऊ शकेल? माझी येथील प्रत्येक सुनेला आणि लेकीला विनंती आहे, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आपणहून विचारा. त्या सांगणार नाहीत. पण विचारल्यास नाकारणारही नाहीत.

तपासणी : आपल्याच महाराष्ट्राने जगाला दिलेला धडा

मूळचे ग्रीक असलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी अमेरिकेत विकसित केलेली, गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत ‘पॅप तपासणी’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९४३ मध्ये त्यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या देशांनी ही तपासणी नियमितपणे राबविली, तेथे या रोगाचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडे गावोगावी सूक्ष्मदर्शक आणि पेशीतज्ज्ञ कोठून आणायचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक प्रदीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविका सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगरचाच घटक, गर्भाशयमुखाला लावून पाहत. बदललेल्या पेशींचा भाग त्यामुळे पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी केलेल्या या साध्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले; ज्या गटाला अशी तपासणी मिळाली नव्हती, त्यात ६४ झाले. एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्मे होते, हे जगाला प्रथम मराठवाड्यातील खेड्यांनी दाखविले.

बार्शी परिसरातील आणखी एक निरीक्षण मला आजच्या सभेसाठी अधिक मोलाचे वाटते. तेथे कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन केवळ लक्षणांची माहिती दिली. त्यानंतर लवकरच्या अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या बोलण्याने काय होते, असे आपण म्हणतो. नुसत्या बोलण्याने इतके होते.

आणि तरीही, २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतली होती. शंभरात दोनही नाहीत.

‘प्रारंभिक अवस्था’ म्हणजे नेमके काय?

तपासणीत दोष आढळला, तर लगेच ‘कॅन्सर झाला’ असे समजू नये. अनेकदा तो कर्करोगपूर्व बदल असतो. अशा वेळी कॉल्पोस्कोप नावाच्या भिंगयंत्रातून पाहून लहानसा तुकडा तपासणीस पाठवितात. बदल गंभीर असल्यास तेवढाच भाग विद्युततारेच्या कडीने काढतात, अतिशीत वायूने गोठवितात किंवा उष्णतेने नष्ट करतात. हे काम बहुधा भूल न देता किंवा केवळ त्या जागेपुरती भूल देऊन होते, रुग्ण त्याच दिवशी घरी जाते आणि पुढे होऊ शकणारा कर्करोग टळतो. त्यानंतर नियमित तपासणी मात्र चुकवायची नाही.

प्रत्यक्ष कर्करोग असेल, तर त्याच्या चार अवस्था मानतात. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणानुसार पहिल्या अवस्थेत रोग गर्भाशयमुखापुरताच मर्यादित असतो. त्यातही सूक्ष्म भेद आहेत. रोग पाच मिलिमीटरपर्यंतच खोल गेला असेल आणि केवळ सूक्ष्मदर्शकातच मोजता येत असेल, तर ती ‘एक-अ’ अवस्था. त्याहून खोल असेल तर ‘एक-ब’. त्यात गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत, दोन ते चार, आणि चारपेक्षा मोठी असे तीन उपविभाग आहेत. मात्र ओटीपोटातील लसिका ग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर गाठ लहान असूनही ती तिसरी अवस्था धरली जाते. म्हणूनच एमआरआय आणि आवश्यकतेनुसार इतर तपासण्या आधी कराव्या लागतात. “इतक्या तपासण्या कशाला?” अशी तक्रार नातेवाईक करतात. उपचारांची सारी दिशा या मोजमापावर ठरते, हे त्याचे उत्तर.

शस्त्रक्रिया

रोग तीन मिलिमीटरच्या आत असेल आणि सूक्ष्म वाहिन्यांत शिरलेला नसेल, तर गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढणे पुरेसे ठरू शकते. कडा रोगमुक्त निघाल्या, तर गर्भाशय राहते आणि मातृत्वाची शक्यताही राहते. ज्यांना पुढे अपत्य नको असेल, त्यांचे गर्भाशय काढण्याची साधी शस्त्रक्रिया करता येते.

रोग याहून पुढे, परंतु गर्भाशयमुखापुरता असेल, तर पूर्वापार ‘विस्तृत शस्त्रक्रिया’ केली जाते. व्हिएन्नाचे शल्यविशारद अर्न्स्ट व्हर्टहाइम यांनी १८९८ मध्ये तिचा पाया घातला. यात गर्भाशयाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या ऊती, योनिमार्गाचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढतात. तरुण स्त्रियांत अंडाशय बहुधा ठेवता येतात. त्यामुळे गर्भाशय गेले, तरी अकाली रजोनिवृत्तीचा त्रास टळतो.

या क्षेत्रात अलीकडे दोन महत्त्वाचे निष्कर्ष आले, ते रुग्णांनीही जाणून घ्यावेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६३१ स्त्रियांपैकी निम्म्यांची पोट उघडून आणि निम्म्यांची दुर्बिणीद्वारे वा यंत्रमानवाच्या साहाय्याने विस्तृत शस्त्रक्रिया झाली. साडेचार वर्षांनंतर पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. इतर अनेक आजारांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया उत्तम आहे. परंतु या कर्करोगात लहान टाक्यांचा आग्रह धरू नये, असा त्याचा अर्थ.

दुसरा अभ्यास २०२४ चा. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी असलेल्या ७०० स्त्रियांमध्ये विस्तृत आणि साध्या शस्त्रक्रियेची तुलना झाली. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे २.१७ आणि २.५२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले आणि साध्या शस्त्रक्रियेनंतर लघवीचे त्रास कमी झाले. योग्य निवड केलेल्या रुग्णांत आता कमी शस्त्रक्रियेनेही तितकाच लाभ मिळतो.

ज्या तरुण भगिनीला अपत्य हवे आहे आणि गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आहे, तिच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. फ्रान्समधील लिआँ येथील डॉ. दानिएल दार्जां यांनी १९८७ मध्ये केवळ गर्भाशयमुख व भोवतालचा भाग काढून गर्भाशयाचा वरचा भाग राखण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. त्यानंतर अनेक स्त्रिया माता झाल्या. गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका अशा गरोदरपणात अधिक असतो, त्यामुळे ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रातच करावी. निदानाच्या पहिल्या भेटीतच “आम्हांला मूल हवे आहे,” असे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. संकोचापोटी हे वाक्य राहून गेले, तर नंतर उपाय नसतो.

किरणोपचार

किरणोपचाराला आपल्याकडे ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात आणि ‘आता काही उरले नाही म्हणून शेक देतात,’ असा गैरसमज आहे. तो मनातून काढून टाका. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात प्रारंभिक अवस्थेतील स्त्रियांना दोन गटांत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार देण्यात आले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ८३ टक्के होते. मधुमेह, हृदयविकार किंवा वय यांमुळे शस्त्रक्रिया धोक्याची असल्यास किरणोपचार हा तितकाच समर्थ उपाय आहे.

गाठ चार सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास बाहेरून किरण, त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध आणि शेवटी आतून दिले जाणारे किरण, अशी संयुक्त योजना असते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या ६३३ रुग्णांवरील अभ्यासात आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ही योजना सरस ठरली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ७६.७ टक्के विरुद्ध ६९.३ टक्के असे होते. हा संपूर्ण उपचार सुमारे आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा लागतो. मध्येच गावी जाऊन येणे, कार्यासाठी पंधरा दिवस थांबणे याने उपचाराची शक्ती घटते. आतून द्यावयाचे किरण संकोचापोटी टाळणेही तितकेच घातक आहे.

याच संदर्भात आपल्या समाजापुरते एक सांगावेसे वाटते. सिस्प्लॅटिन दिले जाते, तेव्हा मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी भरपूर पाणी पिणे आवश्यक असते आणि उपचारकाळात शरीराला पुरेसे अन्न लागते. पर्वकाळातील उपवास, चोविहार किंवा आयंबिल या काळात कसे पाळावे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि आपल्या गुरूंनाही विचारा. प्रत्याख्यानात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. डॉक्टरांपासून लपवून केलेला उपवास मात्र उपचाराला बाधक ठरतो.

एक सावधगिरीचा इशारा

आपल्याकडे अंगावरून जास्त जाऊ लागले की, “पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,” असा सल्ला सहज दिला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. गर्भाशय अनावश्यक काढणे हा एक अन्याय. दुसरा अन्याय त्याहून कमी बोलला जातो. गर्भाशयमुखाची तपासणी न करताच साधी शस्त्रक्रिया होते आणि काढलेल्या पिशवीच्या अहवालात कर्करोग निघतो. मग पुन्हा मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करावे लागतात. एकाच रुग्णाला दोन्ही उपचार द्यावे लागले, की दुष्परिणामही वाढतात. म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, “आधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का?” हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावा. काढलेला अवयव तपासणीस पाठविल्याचा अहवालही जपून ठेवावा.

भवितव्य

रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, “मी जगेन ना?” प्रारंभिक अवस्थेत याचे उत्तर आश्वासक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत पाच वर्षांनी सुमारे ९२ टक्के, दोन ते चार सेंटिमीटरमध्ये सुमारे ८३ टक्के आणि त्याहून मोठ्या गाठीत सुमारे ७६ टक्के स्त्रिया हयात होत्या. सूक्ष्म अवस्थेतील रोगात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर मात्र ते २० टक्क्यांच्या आसपास येते. या दोन टोकांमधील अंतर प्रामुख्याने काळाचे आहे. आकडे समूहाचे असतात, प्रत्येक व्यक्तीची प्रकृती वेगळी. तरी दिशा स्पष्ट आहे.

बरे झाल्यानंतरचे जीवनही विचारात घेतले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही काळ लघवीची जाणीव मंदावते, पायांवर सूज येऊ शकते. किरणोपचारानंतर आतड्याचे व मूत्राशयाचे त्रास, योनिमार्ग आखडणे, अकाली रजोनिवृत्ती हे परिणाम संभवतात. यांवर उपाय आहेत. नव्या तंत्रामुळे त्रासही घटत आहेत. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या ३०० स्त्रियांवरील टाटा स्मारक केंद्राच्या अभ्यासात अधिक अचूक किरणतंत्रामुळे तीन वर्षांतील आतड्यांच्या उशिरा होणाऱ्या त्रासाचे प्रमाण ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत साधारण सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करावी.

पतींना येथे एक शब्द सांगते. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. उपचारांनंतर वैवाहिक जीवन पुन्हा सुरू होऊ शकते. त्याविषयी डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारावे. गर्भाशय गेले म्हणून स्त्री अपूर्ण होत नाही. पत्नीला सर्वांत मोठी भीती बहुधा मृत्यूची नसते, आपण घराला ओझे झालो ही असते. ती भीती औषधाने जात नाही. ती आपल्या वागण्याने जाते.

पुढील पिढीसाठी

आपल्या हाती आज प्रतिबंधक लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या वयात लस सर्वाधिक लाभदायक ठरते. भारतातील मुलींवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यानुसार एकच मात्रादेखील १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एका मात्रेचा पर्याय मान्य केला. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत या कर्करोगाचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. “आमच्या मुलीला याची काय गरज?” असे कृपया म्हणू नका. गोवर होण्यापूर्वीच आपण गोवराची लस देतो, तसेच हे आहे. लस घेतली तरी वयाच्या तिशीनंतर तपासणी मात्र करावीच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जगापुढे लक्ष्य ठेवले : २०३० पर्यंत पंधरा वर्षांच्या आत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ३५ व ४५ व्या वर्षी ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. देशाचे लक्ष्य शासन पाहील. आपल्या न्यासापुढे मी एक छोटे लक्ष्य ठेवते. समाजाची घरवार यादी आपल्याकडे आहेच. या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या यादीतील तिशीपुढील प्रत्येक भगिनीची एकदा तपासणी व्हावी. श्रीमंत घर, गरीब घर असा भेद नको. आणि आपल्या घरांत काम करणाऱ्या भगिनींची नावेही त्या यादीत असावीत. ज्यांना उपचार लागतील, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांची कागदपत्रे भरून देण्यास दोन तरुण कार्यकर्ते नेमावेत. परगावी किरणोपचारासाठी दोन महिने राहावे लागते. अशा कुटुंबाला एक खोली, सोबतीला एक माणूस आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तर उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण घटेल. पन्नास वर्षांच्या संस्थेला हे अवघड नाही.

आज येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीने घरी गेल्यावर एवढेच करावे : आपली शेवटची तपासणी कधी झाली, हे आठवून पाहावे. आठवत नसेल, तर येत्या महिन्यातील एक तारीख ठरवावी आणि एकट्याने जाण्याऐवजी सासूबाईंना, जावेला किंवा शेजारणीलाही सोबत न्यावे.